शकुनच्या पापण्यांचा रंग

शकुनचे दोन्ही डोळे जांभळे झाले होते आणि तिचा नवरा मनोज सकाळपासून ठाण्यात बसून होता. बार्शीटाकळीजवळच्या त्या गावातला गुन्हा इतक्या झटपट उकलला होता, की जमादार धर्मेंद्र समाधानाने दुसरा चहा घेत होते.

मग ते शकुनला तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात घेऊन आले. नोंद लिहिता लिहिता रागिणी सिस्टर थांबली.

“हिले इचारलं का कोणी?”

“त्यात इचाराचं काय? डोये दिसून राहिले ना. बोटंबी सुजले, अडवाले गेली असन,” जमादार म्हणाले. “केशवराव डॉक्टरनं सांगतलं, कालच मारलं.”

केशवराव साक्षीदार म्हणून बाकावर बसले होते. डॉक्टर ही पदवी त्यांना त्यांच्याच पाटीने दिली होती.

रागिणी शकुनकडे वळली.

“मनोज मारते का?”

“नाही बाई. पाच जणाले सांगतलं. कोणी आयकतच नाही.”

“मंग हे कवापासून?”

“दोन महिने झाले असन. केशवरावच्या पुडीनं उतरते, मंग परत येते.”

“संक्रांतीले हळदीकुंकू केलं होतं?”

“केलं ना. पण बायाले खाली बसवून कुंकू लावलं. हात वर जातच नव्हता. बाया म्हणे, सून मिजासखोर हाय.”

“पाणी पेतानी?”

“ठसका लागते. कालपासून जास्तच.”

रागिणीने शकुनचा हात जमादारांसमोर धरला.

“मारानं डोळ्याखालीबी काळंनिळं होते. हे निस्तं वरच्या पापण्यांवर हाय, दोन्हीकडं सारखं. मनोज काय माप घेऊन मारते? अन् ही सूज नाही, ह्या गाठी हायेत, बोटांच्या सांध्यांवरच, मधात एकबी नाही. अन् हात संक्रांतीपासून उचलत नाही. असा पेशंट मी अकोल्याच्या वॉर्डात पाह्यला हाय. शरीरच आपल्या कातडीवर अन् स्नायूंवर उलटते. डर्माटोमायोसायटिस म्हणतात. आता गिळाचे स्नायू धरले. आजच अकोल्याले नेलं नाही तं बाई जाईन.”

“पण केशवराव तं म्हणे, कालचं—”

“दोन महिने पुड्या कोणं देल्ल्या? हे कालचं नाही, हे त्याच्याइतकं कोणाले ठाऊक होतं? त्यात स्टेरॉइड असन, म्हणून उतरत होतं. काल ठसका पाहून तो घाबरला. उद्या कोणी इचारीन, इलाज कोणाचा होता? म्हणून नवऱ्याले पुढं केलं. अन् तुमाले आयता गुन्हेगार भेटला.”

केशवराव बाकाखाली चपला शोधू लागले. जमादारांसोबत आलेल्या शिपायाने त्यांना बसवले.

जमादारांनी वही उघडली, घसा साफ केला. “हं, ताई. सांगा तुमचं म्हणणं.”

“माह्या नवऱ्याले सोडा,” शकुन म्हणाली. “मले गाडीत उचलून ठेवाले माणूस पायजे. तुमाले मी हात लावू देत नाही.”