मेलेल्याला उठवायची रीत

हे घडलेलं आहे. मागच्या मार्चमध्ये, काळेवाडीतल्या एका डबिंग स्टुडिओत, भर दुपारी.

आरफा तिथे साउंडचं काम बघते.

संघर्ष नावाच्या दिग्दर्शकाने एका जुन्या शोकांतिकेवर सिनेमा केला होता. राजाचा कारखानदार झाला, राजवाड्याची चाकणमधली बंद शेड. नट मात्र जुनाच... रंगराव. कामगारांच्या नाटकमंडळीत त्यांनी हा राजा जन्मभर केला होता.

त्या मंडळीची एक रीत होती. पडदा पडला की मेलेल्या राजाला कुणीतरी हात द्यायचा आणि नटाचं खरं नाव घेऊन उठवायचं.

शेडमध्ये मरणाचा शॉट झाला, जेवणाची सुट्टी झाली. रंगराव फरशीवर तसेच पडून.

"नाव घे," ते संघर्षला म्हणाले.

"काका, हे काय नाटक आहे का? चला, डाळ गार होतेय."

सगळे हसले.

रंगराव आपले आपण उठले. त्याच आठवड्यात गेले.

हे सगळं संघर्षनेच आरफाला सांगितलं. रंगरावांचं डबिंग राहिलं होतं. आरफाने आपल्या धाकट्या भावाला, कामरानला बोलावलं. आवाज जरा कोवळा, पण चालण्यासारखा.

काचेपलीकडे कामरानने शेवटचं वाक्य म्हटलं, श्वास सोडला आणि रंगात येऊन खाली आडवा झाला.

आरफाने रेकॉर्डिंग थांबवलं.

हेडफोनमध्ये श्वास चालूच... जड, म्हाताऱ्या माणसाचा.

तिने माइक बंद केला.

श्वास चालूच.

तिने हेडफोनची वायर उपसली...

"नाव घे."

कामरान निपचित पडला होता. ओठ हलत नव्हते. छातीही.

म्हाताऱ्याला जे हवंय ते देऊन टाकावं, एवढंच तिला सुचलं. ती आत धावली. भावाचा गार हात धरला.

"रंगराव, उठा."

श्वास थांबला...

कामरान उठून बसला.

ती रडत त्याला बिलगली. मग तिच्या लक्षात आलं. आज राजा होऊन मेला होता तो कामरान. नाव त्याचं घ्यायचं होतं.

"कामरान?"

त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही.

अम्मी म्हणते, पोरगा गप्प झालाय. तो आता आरफाला 'आपा' म्हणत नाही.

परवा तिने पुन्हा हात धरला. "ऊठ, कामरान."

"उशीर झाला, पोरी," तो म्हणाला. आवाज कोवळा नव्हता.

तरी ती रोज सकाळी त्याचं नाव घेते. तो डोळे उघडे ठेवून पडून राहतो...

आणि मग आपला आपण उठतो.