फाइलीत जाळी नव्हती

ज्या वर्षी भावजींची थोरली लेक नवऱ्याला सोडून दोन पेट्यांनिशी बापाच्या घरी परत आली, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. म्हणून भावजी सकाळी नऊलाच वहिनींच्या ऑफिसात येऊन बसत आणि वर्तमानपत्राआड तोंड लपवत.

खाजगी तपासाचं ते ऑफिस वहिनींच्या नवऱ्याचं. तो गेला तेव्हा वहिनी खालच्या दुकानात बावीस वर्षं कापड बेतत होत्या. त्यांनी कात्री ठेवली आणि जिना चढून वर आल्या. धाकटे दीर, म्हणजे भावजी, भूमापन खात्यातून निवृत्त होऊन मदतीला आले. मदत म्हणजे वहीत टिपणं काढणं आणि चुकीचे अंदाज बांधणं.

त्या सोमवारी एक शिक्षिका आल्या. छत्तिशी-सदतिशीच्या. खुर्चीत टेकायच्या आधीच बोलू लागल्या.

"माझी आई आठ दिवस घोटभर पाण्यावर आहे. तेही उलटून पडतं. बुधवारी सकाळी डॉक्टर तिच्या अन्ननलिकेत फुगा घालून ती रुंद करणार आहेत. त्याआधी मला कळलं पाहिजे, तिच्या आत जाळी आहे की नाही."

"जाळी? खिडकीला असते तशी?" भावजींनी विचारलं.

"भावजी, त्यांना बोलू द्या."

शिक्षिकेने टेबलावर बोटाने वर्तुळ काढलं. "छाती आणि पोट यांच्यामध्ये पडदा असतो. अन्ननलिका जायला त्याला एक भोक. आईचं भोक सैल झालं होतं आणि जठर वर छातीत सरकायचं. दीड वर्षापूर्वी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. जठर खाली ओढलं, भोक टाके घालून लहान केलं. कधीकधी टाक्यांवर जाळी शिवतात, भोक पुन्हा उसवू नये म्हणून. फाइलीत लिहिलंय, जाळी ठेवली नाही."

"मग शंका कशाला?"

"नवे डॉक्टर म्हणतात, नुसत्या टाक्यांनी आतली जागा इतकी कडक होत नाही. ही जाळी प्लॅस्टिकची, स्कॅनमध्ये ओळखू येत नाही. जाळी नसेल तर फुगा हा सोपा उपाय. पण जाळी नळीत घुसत असेल आणि फुगा फुगवला, तर नळी तिथल्या तिथे फाटेल. जाळी असेल तर मोठी शस्त्रक्रिया, आणि एकाहत्तराव्या वर्षी तीही सोपी नाही. खात्री असल्याशिवाय कोण करेल?"

"आईंना विचारलंत?"

"आईने तर जाळी नको म्हणून हट्ट धरला होता. वडिलांच्या पायात घातलेल्या सळईपाशी पू झाला होता, तो तिने दोन वर्षं पुसलाय. संमतीपत्रावरची जाळीची ओळ तिने स्वतः खोडली. दादाकडून शपथ घेतली, बाहेरचं काही आत ठेवू देणार नाही म्हणून. मी तेव्हा परगावी होते. संध्याकाळी पोचले."

वहिनींनी चष्मा पुसला. "चला भावजी."

दीड वर्षापूर्वी शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनने त्यांना उभ्यानेच भेट दिली. दारात बूट बदलता बदलता तो म्हणाला, "अन्ननलिकेपाशी जाळी ठेवावी की नाही, यावर आम्ही सर्जन गेली कित्येक वर्षं भांडतोय. मी न ठेवणाऱ्यांतला. फाइल वाचा."

"वाचली. टाके किती घातलेत?"

"लिहिलंय की. तीन. सुबक बसले. फारसा त्रासच झाला नाही."

"आणि आता गिळता का येत नाही?"

"काहींच्या आत व्रण जास्त धरतो. फुगा घालू देत, मोकळं होईल." त्याने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली ती तुटली. त्याने तशीच खिशात टाकली.

ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. शिक्षिकेची चिठ्ठी पाहून त्यांनी त्या तारखेची वही काढली आणि इतर रुग्णांच्या नावांवर कोरा कागद धरला.

"नावं पाहायची नाहीत. बाकी काय ते पाहा. जाळीच्या पाकिटाला चिकटपट्ट्या असतात. एक फाइलीत, एक या वहीत. कपाटातला साठा रोज संध्याकाळी मी मोजते. आजवर एक पाकीट चुकलेलं नाही."

"त्या दिवशी किती गेली?"

"एक. पहिल्या पेशंटला. बेंबीचा हर्निया होता. पंधरा बाय पंधरा सेंटिमीटरचं पाकीट, ही पट्टी. तुमच्या बाई दुसऱ्या. त्यांच्यापुढे पट्टी नाही."

वहिनी ओळीवर बोट फिरवत होत्या. "बेंबीच्या पेशंटला आठ बाय आठचा तुकडा वापरला, असं लिहिलंय. आणि बाईंच्या ओळीत धाग्याची पाकिटं नऊ. वेळ दोन तास चाळीस मिनिटं."

"असतील." सिस्टरचा आवाज जरा उतरला.

वहिनींनी मागची चार पानं उलटली, पुढची चार उलटली. जिथे जिथे जाळीची पट्टी होती, तिथे शेवटच्या रकान्यात एकच वाक्य होतं: 'उरलेला तुकडा टाकला.' खाली सिस्टरची सही. त्या दिवसाच्या ओळीत तो रकाना कोरा होता.

"वही चांगली ठेवता," एवढंच वहिनी म्हणाल्या.

बाहेर आल्यावर भावजी खुशीत होते. "प्रश्न मिटला! साठा जुळतोय. पाकीटच गेलं नाही, तर जाळी येईल कुठून? आभाळातून?"

"भावजी, तुम्ही जमिनी मोजायचात. एका गटातून अर्धा विकला, तर उरलेला कुठे जातो?"

"कुठे म्हणजे? तिथेच राहतो."

"हं," म्हणून वहिनी चालू लागल्या.

शिक्षिकेचा भाऊ छपाईच्या कारखान्यात पर्यवेक्षक होता. यंत्रांच्या खडखडाटात तो ओरडूनच बोलत होता.

"माझ्या बहिणीला सवयच आहे हो, चिखल उकरायची! दीड वर्ष आईला कोणी सांभाळलं? ही येते, दोन दिवस रडते, जाते. वर तुम्हाला धाडलं!"

"शस्त्रक्रियेच्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"खाली, गाडीत. शेवटपर्यंत. मला त्या वासाने कसंतरी होतं. संपल्यावर फोन आला, तेव्हा वर गेलो."

"मध्ये कोणी भेटलं नाही?"

"कोण भेटणार? आणि डॉक्टरांना दोष देऊ नका. टाका ओढला की मांस फाटत होतं, माणूस तरी काय करणार? त्यांनी निभावून नेलं हेच पुष्कळ."

"नव्या डॉक्टरांनी तुम्हाला जाळीचं विचारलं होतं?"

"विचारलं. नाही म्हणून सांगितलं. नाहीच, तर काय सांगू?"

बुधवारी सकाळी साडेसातला आईच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात चौघे उभे होते. नवे डॉक्टर, शिक्षिका, तिचा दादा आणि वही काखेत धरलेले भावजी. वहिनी शेवटी आल्या.

"डॉक्टर, फुगा घालू नका. आत जाळी आहे."

"काहीही काय!" दादा म्हणाला. "पाकीट तरी गेलंय का?"

"तुमच्या आईंच्या नावावर नाही गेलं. मी बावीस वर्षं कापड बेतलं. ताग्यातून एक तुकडा कापला की कतरण उरते, आणि ती कुठे गेली हे चांगल्या दुकानात माहीत असतं. थिएटरच्या सिस्टर दर वेळी लिहितात, उरलेला तुकडा टाकला. त्या दिवशी सकाळी बेंबीच्या पेशंटसाठी पंधरा बाय पंधराची जाळी उघडली. लागला आठ बाय आठचा तुकडा. उरलेला टाकल्याची नोंद नाही. कारण तो टाकलाच नाही. झाकून ठेवला होता. त्यानंतर लगेच तुमच्या आई टेबलावर."

"म्हणून साठा जुळला!" भावजी पुटपुटले.

"तीन टाके म्हणतात, धागे नऊ उघडले. उरलेल्या सहांनी काय शिवलं? फारसा त्रास झाला नाही म्हणतात, मग दीड तासाच्या कामाला दोन तास चाळीस मिनिटं कशी? टाके धरत नव्हते म्हणून समोर होती ती जाळी वर शिवली. बेंबीसाठीची, राठ. अन्ननलिकेला लावायची नव्हे. ते फाइलीत कसं लिहिणार? काल संध्याकाळी मी सिस्टरना पुन्हा भेटले. एकच विचारलं, टाकला असं खोटं का लिहिलं नाहीत? म्हणाल्या, खोटी सही मी करत नाही. मग सगळं सांगितलं. लिहूनही दिलं."

डॉक्टरांनी तो कागद घेतला, वाचला आणि मागे वळून नर्सला म्हणाले, "फुगा रद्द. मोठ्या शस्त्रक्रियेची तयारी करा."

शिक्षिका भिंतीला टेकली. "आईने नको म्हटलं होतं. लिहून दिलं होतं. त्या सर्जनने परवानगीशिवाय...?"

"परवानगी घेतली," वहिनी म्हणाल्या. त्यांनी दादाकडे पाहिलं नाही. "टाका ओढला की मांस फाटत होतं, हे फाइलीत नाही. सर्जन तर टाके सुबक बसले म्हणतात. शस्त्रक्रिया चालू असताना ज्याला सांगितलं, त्यालाच ते माहीत. यांना माहीत होतं."

दादा बोटांवरची शाई खरवडू लागला.

"ते हिरव्या कपड्यांत जिन्यात आले," तो म्हणाला. "म्हणाले, भोक उसवतंय, दोन मिनिटांत सांगा. मी म्हटलं, ठेवा. पण आईला कळता कामा नये. मग तेच म्हणाले, फाइलीतही नको. मी काय वाईट केलं? तिला वाचवायलाच ना?"

"ते दीड वर्षापूर्वी," शिक्षिका म्हणाली. "परवा या डॉक्टरांनी तुला तोंडावर विचारलं. तेव्हा?"

"कळलं असतं तर ती माझ्या हातचं पाणी प्यायली नसती."

"आता पिते?"



शस्त्रक्रिया शुक्रवारी झाली. जाळी नळीच्या भिंतीत अर्धी शिरली होती. नळीचा खालचा भाग तिच्यासकट काढावा लागला. फुगा घातला असता तर आई टेबलावरच गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर आल्यावर तिने लेकीला विचारलं, कोणी हो म्हटलं होतं? लेकीने सांगितलं. त्यानंतर दादा रोज येत होता आणि आई रोज भिंतीकडे तोंड करत होती. सर्जनची चौकशी लागली. सिस्टरना त्याच आठवड्यात कामावरून काढलं.

शस्त्रक्रियेनंतर एकोणिसाव्या दिवशी, बुधवारी, दुपारी सव्वाचार वाजता, न्यूमोनियाने आई वारली. मुलाशी ती शेवटपर्यंत बोलली नाही.