दोघांची भूक

दार लोटून घ्या रे, आणि ते मोबाईल पालथे घाला. ही कुठून ऐकलेली गोष्ट नाही. माझ्या साडूची आहे, आणि मला सांगितली ती खुद्द मेव्हणीनं.

गेल्या डिसेंबरातला शेवटचा मंगळवार. मेव्हणी नवऱ्यासाठी धुतलेली चादर आणि स्वेटर घेऊन संध्याकाळी दवाखान्यात गेली. रोजचंच काम.

साडू वेल्डर. माणूस दांडगा, आणि तोंड असं की 'ये' म्हटलं तरी 'चालता हो' ऐकू यावं. सख्ख्या मोठ्या भावाशी वैर. तो भाऊ एकटा, करून घालणारं कोणी नाही. आजारानं खंगला, तेव्हा एकदा दारात येऊन म्हणाला, "दोन घास घाल रे."

"मर तिकडेच," साडू म्हणाला आणि दार लावलं.

भाऊ मेला. हा मातीलाही गेला नाही.

त्यानंतर साडू उतरायला लागला. खाणं दुप्पट, अंग निम्मं. पॅन्ट दोरीनं बांधायची वेळ आली. डॉक्टरबाईंनी साखर, थायरॉईड, टीबी, सगळं तपासलं. घशातून दुर्बीण घातली, स्कॅन काढला. रिपोर्ट स्वच्छ. शेवटी त्या मेव्हणीवरच उखडल्या.

"हे जेवण टाकून देतात, आणि तुम्ही पांघरूण घालताय."

"अहो, माझ्यासमोर ताट चाटूनपुसून खातात!"

भरती करून घेतलं. नर्स समोर बसून जेवू घालायची. तरी वजनाचा काटा खालीच. मग नाकातून पोटात नळी घातली, वर पातळ अन्नाची पिशवी टांगली. रात्रभर थेंब थेंब.

त्या मंगळवारी रात्री खोलीत नवराबायको दोघंच. दिवा मालवलेला, दाराच्या काचेतून बाहेरचा उजेड तेवढा आत. मेव्हणीचा डोळा लागत होता, तेवढ्यात आवाज आला.

गटक.

गिळतायत वाटतं, ती मनाशी म्हणाली. मग ध्यानात आलं, नळीतलं अन्न गिळावं लागत नाही...

ती उठली. नवऱ्याचं तोंड मिटलेलं. गळा हलत नव्हता.

गटक... गटक.

वर पिशवी भराभर रिकामी होत होती. आणि गादीची पलीकडची कड दबलेली. कोणी बसावं तशी.

"थोरले भाऊजी...?"

आवाज थांबला.

तिनं हात जोडले. "सोडा यांना. मी घालते तुम्हाला जेवायला. रोज घालते."

...

साडूनं डोळे उघडले. पलीकडे बघितलं. त्याला दिसत होतं, पोरांनो. आणि डोळ्यांत भीती नव्हती. नुसता राग.

"जिवंतपणी दिलं नाही," तो खेकसला, "आता देईन होय? चल, नीघ!"

गादी सावकाश वर आली.

गेले... मेव्हणीनं श्वास सोडला.

मग नवऱ्याचं पोट हललं.

आतून.

कच... कच...

ती किंचाळली. नर्स धावत आली, दिवा लावला. साडू थंड पडला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, अशक्तपणा फार, हृदय थांबलं. असेल. शिकलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही.

सकाळ व्हायच्या आत नर्सनं ती नळी हळूच ओढून काढली. नाकाशी होती तेवढी गुळगुळीत, नव्यासारखी. पोटातलं टोक बाहेर आलं, आणि तिचा हात थांबला. तिनं ते दिव्याखाली धरलं.

चावून चावून चपटं झालेलं. त्यावर दात उमटले होते.