शिवनाथकाठचं चित्र

एकसष्ट साली भिलाईत जिकडेतिकडे धूळच धूळ होती. नव्या रस्त्यांची, कारखान्याच्या बांधकामाची. भांड्यांवर, देवांवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर तांबूस थर बसायचा. वच्छला सकाळी उठली की आधी ओलं फडकं हातात घ्यायची. म्हणून क्लबच्या हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन भरलं तेव्हा महिला मंडळाने झाडपूस तिच्याच गळ्यात घातली.

तिचं चित्त मात्र थाऱ्यावर नव्हतं. धाकटा भाऊ सुखराम आमगावहून नोकरीसाठी आला होता आणि भरती काही होईना. जेवता जेवता तिचा नवरा भैयालाल बोलून गेला, "साळेबुवा, कवापर्यंत बसून खाता?" गडी भरल्या ताटावरून उठला तो गेलाच. गावाकडून आलेला माणूस म्हणाला, तिकडे पोचलाच नाही. दुर्ग स्टेशनातही कुणी त्याला पाहिलं नव्हतं. तेव्हापासून भैयालालच्या घशाखालीही घास उतरत नव्हता.

हॉलमध्ये वाघ होते, चितळं होती, पाणी भरणाऱ्या बाया होत्या. त्या बायांच्या उघड्या पाठी पाहून मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी आदल्याच दिवशी नाक मुरडलं होतं. त्या सकाळी वच्छला एकेक चौकट पुसत शेवटच्या चित्राशी आली. दुर्गच्या उमाकांत मास्तरांनी काढलेला शिवनाथ नदीचा काठ: दरड, अर्जुनाचं झाड, खाली संथ पाणी. घरी देवांच्या तसबिरी पुसायची तसं तिने चौकटीबरोबर चित्रावरूनही फडकं फिरवलं. याला काच नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

फडकं तांबडं झालं. झाडाखाली काहीतरी दिसू लागलं. तिने पुन्हा पुसलं.

माणूस होता. आडवा पडलेला, एक पाय भलतीकडेच वळलेला.

"अहो बाई! चित्रावर पाणी?" मास्तर ओरडत धावले आणि चित्रापाशी वाकले.

"हा माणूस कुणी काढला?"

"तुमचं चित्र, अन् मले विचारता?"

"मी इथे माणूस काढलेलाच नाही." त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं. रंग कोरडा, चांगला मुरलेला. कुंचल्याचे फटकारे मात्र त्यांचेच होते.

वच्छलाने चित्राला हात लावला. "हा माहा सुखराम हाय, मास्तर. ही जागा कुठं हाय?"

मास्तरांनी सांगितली. भैयालालला निरोप गेला. तो आला, चित्र पाहिलं आणि तसाच सायकलीकडे वळला. वच्छला मागे बसली. मास्तर दुसऱ्या सायकलवर वाट दाखवत पुढे.

दुर्ग मागे पडलं. नदी दिसली. अर्जुनाचं झाड दिसलं.

दरडीखाली सुखराम पडला होता.

श्वास चालू होता.

भाड्याला पैसे नसल्याने तो पायीच गावाकडे निघाला होता आणि अंधारात घसरला होता. भैयालालने त्याला लेकरासारखं उचललं, वाटेतल्या बैलगाडीत घातलं आणि दवाखान्यापर्यंत हुंदके देत राहिला. डॉक्टर म्हणाले, पाय मोडलाय, जिवाला धोका नाही. ते ऐकून वच्छला पायरीवरच बसली. इतकं हलकं तिला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. भैयालाल पेज घेऊन आला आणि स्वतःच्या हाताने मेव्हण्याला भरवू लागला.

"खा बाप्पा. जलमभर बसून खा, मी काही बोलनार नाही."

सगळे हसले. मास्तरही हसले.

जरा तरतरी आल्यावर सुखराम म्हणाला, "ताई, सकाळी तूच आलती ना? ओल्या फडक्यानं तोंड पुसलं माहं. लय थंड वाटलं. त्याच्यानंच जीव राह्यला."

वच्छलाने त्याच्या केसांतून हात फिरवला. "हाव रे. मीच होती."

सुखरामने डोळे मिटले. झोप लागली असं वाटत असताना तो हळूच म्हणाला, "मंग माह्या बाजूला पडलेल्या लोकायले कावून नाही पुसलं? तेही तुलेच हाका मारून राहिले होते."