कूस बदलली

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं. पण ही गोष्ट घडलेली आहे, आणि जिच्या बाबतीत घडली ती उज्ज्वला आमच्या नात्यातली. ती थापा मारणाऱ्यातली नाही. मुळात ती बोलतेच कमी.

गेल्या वर्षीचा श्रावण. वार शनिवार. जागा खंडाळा, घाटाच्या कडेचा एक बंगला.

तिथे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात. नाव सांगत नाही. केंद्र अजून चालू आहे.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते. इथे रात्र नाही. भर दुपार होती. फक्त धुकं एवढं होतं की खोल्यांतले दिवे सकाळपासून चालूच होते.

उज्ज्वला तिथे आया होती. कामशेतच्या वरच्या अंगाला तिची वाडी. सकाळच्या लोकलने लोणावळा, तिथून वडापच्या जीपने खंडाळा. काम सगळ्यांना माहीत असतं तेच. अंग पुसायचं, भरवायचं, कपडे बदलायचे. आणि दर दोन तासांनी कूस बदलायची.

माणूस एकाच अंगावर पडून राहिलं की पाठीला जखमा होतात. म्हणून दोन तास डाव्या कुशीवर, दोन तास उजव्या, मागे उशीचा टेकू. ते केलं की पलंगाला अडकवलेल्या चार्टवर लिहायचं. कूस बदलली. पाणी दिलं. पेशंट शांत. खाली सही.

नियम चांगलाच आहे. पण एकेका आयेच्या वाट्याला इतके पलंग, की शेवटच्या पलंगापाशी पोचेपर्यंत पहिल्याची वेळ पुन्हा आलेली असायची. मग बायकांनी तोड काढली होती. जेवणं झाली की बसायचं आणि संध्याकाळपर्यंतचा चार्ट एकदमच भरून टाकायचा. याला त्या ‘पुढचं लिहिणं’ म्हणायच्या. नव्या बाईला पहिल्याच आठवड्यात शिकवायच्या.

उज्ज्वलालाही शिकवलं. सुरुवातीला हात अडखळला. मग अडखळेनासा झाला.

केंद्र चालवणाऱ्या राजेश्वरी मॅडम रोज चार्ट बघायच्या. पाठ कुणीच बघायचं नाही.

कोपऱ्यातल्या खोलीत उर्से गावच्या झुंबरबाई होत्या. त्यांचा मुलगा हनुमंत पनवेलला असायचा. दर शनिवारी सहा वाजता वॉर्डच्या मोबाईलवर त्याचा फोन यायचा. तेवढ्यापुरतं त्यांना उचलून खुर्चीत बसवावं लागे. फोनवर बोलायचं म्हणजे बसूनच, असा त्यांचा हट्ट होता.

एरवी त्यांचं एकच मागणं. उज्ज्वला दारावरून गेली की म्हणायच्या, “पोरी, जरा वळीव की गं मला.”

“आले मावशी,” उज्ज्वला म्हणायची. आणि पुढच्या पलंगाकडे जायची.

त्या शनिवारी आपलं जेवण झाल्यावर उज्ज्वलाने सकाळीच काढून आणलेल्या चार्टवर झुंबरबाईंचं पुढचं लिहिलं. दोन वाजता, डाव्या कुशीवर वळवलं. चार वाजता, उजव्या कुशीवर वळवलं, चहा घेतला. सहा वाजता, खुर्चीत बसवलं, मुलाशी फोनवर बोलल्या. खाली सही केली. मग चार्ट आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती त्यांच्या खोलीत गेली.

झुंबरबाई उताण्या पडल्या होत्या. डोळे अर्धवट उघडे होते.

हात गार होता.

कधी गेल्या, कुणाला माहीत नव्हतं. सकाळी अंग पुसल्यानंतर त्या खोलीत कुणी गेलंच नव्हतं, दुपारचं भरवायलाही नाही.

उज्ज्वलाला रडू आलं नाही. वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही. ती सांगते, आत सगळं बधिर झालेलं होतं. तिने तांब्या खाली ठेवला आणि मॅडमना बोलावलं.

मॅडमनी नाडी बघितली. मग चार्ट बघितला. चार्ट जास्त वेळ बघितला.

उज्ज्वला म्हणाली, “ह्या तीन वळी खोडते मॅडम. मेलेल्या माणसाच्या नावावर खोटं नको.”

खाडाखोड चालणार नाही, असं मॅडमनी सांगितलं. खोडलं तर कारण लिहावं लागतं, आणि पुढच्याच आठवड्यात तपासणी होती. डॉक्टर शनिवारच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते, ते काही सहाच्या आत पोचत नव्हते. तोवर बाई जिवंत आहेत असंच समजायचं. हनुमंतला मॅडमनी स्वतः फोन केला. आई सीरियस आहे, निघा, म्हणाल्या. गेल्याचं फोनवर कुणीच सांगत नाही. सगळीकडे असंच सांगतात.

झुंबरबाईंवर चादर ओढली. दार लावून घेतलं.

त्या तीन ओळी खोडाव्यात, एवढंच उज्ज्वलाच्या मनात होतं. बाकी कशाचं तिला काही नव्हतं. पण हात पुढे होईना. मॅडम नको म्हणाल्या होत्या.

ती दुसऱ्या पलंगांच्या कामाला लागली.

थोड्या वेळाने कोपऱ्यातल्या खोलीतून आवाज आला...

पलंग करकरला. माणसाला वळवताना करकरतो, तसा.

तिने घड्याळ बघितलं. दोन वाजले होते.

दार उघडलं...

झुंबरबाई डाव्या कुशीवर होत्या. चादर नीट अंगावर. पाठीमागे उशीचा टेकू. गुडघे किंचित मुडपलेले, शिकवतात अगदी तसे.

ती दुसऱ्या आयांना विचारून आली. मढ्याच्या खोलीत आम्ही कशाला जाऊ, असं त्या म्हणाल्या. मॅडम म्हणाल्या, “तूच वळवलं असशील. सवयीनं होतं.”

उज्ज्वलाने मान हलवली. खरंच आपण वळवलं का, हे ती आठवत राहिली. आठवेना. आणि तिच्या मनात आलं, सवय तर न वळवायची होती.

मग तिने दाराबाहेर स्टूल टाकलं आणि तिथेच बसली. आता कुणी आत गेलं तर दिसणार होतं.

कुणी गेलं नाही.

बाहेर धुकं खिडकीला चिकटून होतं. वॉर्डात एरवी कुणी खोकतं, कुणी कण्हतं, कुणी हाका मारतं. हळूहळू ते सगळं थांबलं. सगळे पेशंट जागे होते. छताकडे बघत होते. आवाज कुणाचाच नव्हता.

चार वाजले...

आत पलंग करकरला. मग स्टीलचा पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

ती उठली. दार ढकललं.

झुंबरबाई उजव्या कुशीवर होत्या. टेकू दुसऱ्या बाजूला. टेबलावर त्यांचा पेला होता, रिकामा. तळाशी चहाची साय चिकटलेली.

त्या खोलीसाठी त्या दिवशी कुणी चहा केलाच नव्हता.

आता उज्ज्वलाने पेन काढलं. सहाची ओळ तरी खोडायची, मग मॅडम काढू देत कामावरून. ती पलंगाच्या पायथ्याशी गेली.

चार्ट तिथे नव्हता.

मॅडमच्या खोलीत जाऊन विचारलं, तर त्यांनीच मघाशी फाईल नेऊन कपाटात ठेवली होती, कुलूपही लावलं होतं. तुझं लक्ष ठिकाणावर नाही, काहीतरी करून बसशील, म्हणाल्या. चावी मागितली तर दिली नाही. उज्ज्वला पलंगांची कामं उरकून सहाच्या आधी पुन्हा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. पेन हातातच होतं.

सहा वाजले...

कोपऱ्यातल्या खोलीत खुर्ची सरकली.

मग कुणीतरी बोलायला लागलं. शब्द कळत नव्हते. खालच्या आवाजात, सावकाश, मधे मधे थांबत. पलीकडचं ऐकून घेताना माणूस थांबतं, तसं.

मॅडमनाही ते ऐकू गेलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. कोण जाणार?

कुणीच गेलं नाही.

बोलणं थांबलं. लगेच मॅडमचा फोन वाजला. हनुमंत होता.

“मॅडम, लय घाबरवलं तुमी,” तो म्हणाला. आवाजात हसू होतं. “घाटात अडकलोय. आत्ताच बोललो की आयशी. चांगली खुर्चीत बसलीया म्हणाली.”

मॅडमनी कुठल्या फोनवर, असं विचारलं.

“वॉर्डच्याच की.”

वॉर्डचा मोबाईल उज्ज्वलाच्या एप्रनच्या खिशात होता. तिने बाहेर काढला. बॅटरी सकाळीच संपलेली होती. तो बंद होता.

हनुमंत बोलतच होता. “बरं वाटलं तिचा आवाज ऐकून. म्हणाली, आज लय दिसांनी कुनीतरी कूस बदलली बग माझी.”

मॅडमनी फोन ठेवला.

दार उज्ज्वलाने उघडलं. झुंबरबाई खुर्चीत बसलेल्या होत्या. पदर नीट घेतलेला. मान दाराकडे.

डॉक्टर आले. बाई सकाळीच गेल्यात, म्हणाले. मग खुर्चीत कुणी बसवलं, असं विचारलं. मॅडमनी कपाट उघडून चार्ट पुढे केला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि परत दिला.

हनुमंत अंधार पडताना पोचला. त्याला सांगितलं तेव्हा तो आईच्या पायाशी जाऊन बसला. मी बोललो ना पण, एवढंच म्हणत राहिला. निघताना त्याने उज्ज्वलासमोर हात जोडले.

“ताई, शेवटच्या दिवशी तरी तुमी तिला वळवलंत. तिनं सांगितलं मला.”

उज्ज्वलाने ते ऐकून घेतलं. नाही म्हणाली नाही.

तपासणी झाली. नोंदी उत्तम ठेवल्या आहेत, असा शेरा मिळाला.

उज्ज्वलाने ते काम सोडलं. आता लोणावळ्यात एका दुकानात चिक्कीची पाकिटं भरते. सुट्टी असली की दुपारी घरी जरा आडवी होते. कडी आतून लावते. नवरा कामावर गेलेला असतो.

ती डाव्या कुशीवर झोपते. उठते तेव्हा उजव्या कुशीवर असते. झोपेत माणूस वळतंच, त्यात काही नाही.

पण पाठीमागे उशीचा टेकू असतो...

त्यांच्या घरात उशी एकच आहे, आणि ती तिच्या डोक्याखाली असते.

मी विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, “भ्या न्हाई वाटत. मी तिला कधी वळवलं न्हाई. ती मला दर खेपेला वळवती.”