वाढ आढळली नाही

नाव प्लेटीच्या झाकणावर लिहायचं नाही, बुडावर लिहायचं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला मॅडमनी सांगितलेली पहिली गोष्ट ही. झाकणांचं काय, ती हातोहात फिरतात. याचं त्याच्यावर, त्याचं याच्यावर. बूड मात्र आपल्यातलं अगार, म्हणजे जंतूंचं थिजवलेलं खाद्य, सोडून कुठं जात नाही. बावीस पोरापोरींनी माना डोलावल्या आणि त्यांतल्या निम्म्यांनी झाकणावरच नावं लिहिली.

तेविसाव्या विद्यार्थिनीनं बुडावर लिहिलं, मेणाच्या पेन्सिलीनं, बारीक गोल अक्षरांत. घरी तिला थोरली म्हणत, कारण ती थोरली सून. वर्गात काकू म्हणत, कारण तिचं वय छत्तीस.

"काकू, तुम्ही कशाला पडलात हो या जंतूंच्या भानगडीत?" शेजारच्या मुलीनं विचारलं. तिचं तोंड घटकाभर मिटत नसे, म्हणून वर्गानं तिला चिमणी करून टाकलं होतं.

"भांडण आहे माझं त्यांच्याशी."

"मग मिटवून टाका की!"

"मिटवायलाच आलेय."

चिमणी खुदकन हसली. थोरली हसली नाही.

भांडण सहा वर्षांचं होतं. धाकट्या जावेला पहिलं बाळ झालं तेव्हा धाकटी तापानं फणफणली होती. बाळाला न्हाऊ घालणं, पुसणं, दुपटी बदलणं, सगळं थोरलीनं केलं. तिला स्वतःला मूल नव्हतं. हात त्या कामाला आसुसलेलेच होते. नवव्या दिवशी बाळ गेलं. दवाखान्याच्या कागदावर डॉक्टरांनी 'जंतुसंसर्ग असावा' असं लिहिलं. सासूबाईंनी तो कागद वाचला, त्यातलं 'असावा' त्यांच्या डोळ्यांतून निसटलं, आणि मान वर करून त्यांनी थोरलीच्या हातांकडे पाहिलं. तोंडानं काही बोलल्या असत्या तर थोरलीनं उलटून तरी सांगितलं असतं. नुसत्या नजरेला कोण काय उत्तर देणार?

तेव्हापासून तिच्या हातचं जेवण चालत होतं, तिनं धुतलेले कपडे चालत होते, सासूबाईंचे दुखरे गुडघे चोळायलाही तेच हात चालत होते. पण आता धाकटीला पुन्हा दिवस गेले होते, आणि सातव्या महिन्यात तिनं भरल्या घरात सांगून टाकलं होतं, "या वेळी ताईंनी हात लावायचा नाही हं." थोरलीचा नवरा वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं पान उलटलं.

दुसऱ्या आठवड्यात थोरलीनं कॉलेजात नाव घातलं. तिला एवढंच हवं होतं: आपले हात चारचौघींच्या हातांसारखेच आहेत, हे काचेवर उमटलेलं बघायचं होतं, आणि घरी नेऊन दाखवायचं होतं.

प्रात्यक्षिक सोपं होतं. प्लेटच्या बुडावर मधोमध रेघ मारायची. डाव्या अर्ध्यात न धुतलेली चार बोटं टेकवायची, मग साबणानं हात धुऊन तीच चार बोटं उजव्या अर्ध्यात. अगार म्हणजे थिजलेलं पिवळट पाणीच जणू. बोट टेकलं की गार लागतं आणि जेमतेम खळी पडते. एका प्लेटीला कुणीच शिवायचं नाही, ती कोरी. मग सगळ्या उलट्या घालून इनक्युबेटरमध्ये, माणसाच्या अंगाइतक्या उबेत, दुसऱ्या दिवसापर्यंत.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या मामांनी ट्रे आणून ठेवला तशी खोलीभर न वाळलेल्या फडक्याची कुबट घाण सुटली. पोरं प्लेटींवर वाकली. दुधाळ ठिपके, हळदी ठिपके, एका प्लेटीत तर फाटक्या चिंधीसारखं काहीतरी पसरलेलं. चिमणीच्या धुतलेल्या बाजूलाच जास्त ठिपके होते.

"मॅडम, मी तर दोनदा घासले!"

"होतं तसं," मॅडम म्हणाल्या. "कातडीच्या घड्यांत दडलेले धुण्यानं वर येतात. माणसाच्या अंगाला वास येतो तोही त्यांच्यामुळंच. हात स्वच्छ असतो ही आपली समजूत आहे. जिवंत माणसाच्या हातावर वस्ती असतेच. तुमच्या, माझ्या, डॉक्टरांच्या. सगळ्यांच्या."

सगळ्यांच्या. थोरलीला ते वाक्य जर्नलमध्ये लिहून घ्यावंसं वाटलं, तारीख घालून, मॅडमची सही घेऊन. तेवढ्यात तिची प्लेट तिच्यासमोर आली.

प्लेट स्वच्छ होती. डावीकडे चार खळ्या, उजवीकडे चार खळ्या, आणि त्यांतून खालच्या टेबलावरचे ओरखडे आरपार दिसत होते.

"काकू, ही कोरी प्लेट उचललीत तुम्ही. झाकणाचा घोळ केलात."

"बुडावर लिहिलंय मॅडम."

मॅडमनी प्लेट उलटी केली. बारीक गोल अक्षरं वाचली. खळ्या मोजल्या.

"पुन्हा करू. या वेळी माझ्यासमोर."

त्या वेळी थोरलीनं सकाळपासून हात धुतले नव्हते. मॅडमच्या सांगण्यावरून तिनं दाराच्या कड्या चाचपल्या, फरशीवर तळवा घासला, बेसिनच्या जाळीवर बोटं फिरवली. चिमणी नाक धरून बघत होती. त्याच ट्रेमध्ये, त्याच खेपेला ओतलेल्या प्लेटीत मॅडमनी स्वतःची बोटं टेकवली.

दुसऱ्या दिवशी मॅडमची प्लेट भरली होती. थोरलीची कोरी.

"स्पिरिट लावलं होतंत?"

"नाही."

"एखादं मलम? गोळ्या चालू आहेत?"

"नाही हो मॅडम."

मॅडमनी चष्मा पुसला. आपण विज्ञानाची माणसं, दिसलं ते लिहायचं, असं काहीसं पुटपुटत त्यांनी थोरलीच्या जर्नलमध्ये लिहिलं: 'दोन्ही हातांवर वाढ आढळली नाही.' खाली सही केली. सही करताना थोरलीचा हात जर्नलवर होता. तो तिनं काढून घेईपर्यंत मॅडम पेन उचलून थांबल्या.

हे शब्द तिनं आधी वाचले होते.

कपाटात, साड्यांच्या तळाशी, त्या बाळाचे दवाखान्यातले कागद होते. धाकटीला बघवत नसत, म्हणून थोरलीनं ठेवून घेतले होते. त्यांत एक रक्ततपासणीचा कागद होता. सहा वर्षांत तिनं तो शंभरदा वाचला असेल, पण अर्थ लागला नव्हता. आता लागला. बाळाचं रक्त असंच कुणीतरी उबेत ठेवलं होतं, एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. आणि लिहिलं होतं: 'वाढ आढळली नाही.'

थोरली जर्नल आणि तो कागद मांडीवर घेऊन फरशीवर बसली. म्हणजे बाळाच्या रक्तात जंतू नव्हतेच. म्हणजे तिनं काही दिलंच नव्हतं. सहा वर्षं मान खाली घालून वावरली ती एका 'असावा'साठी. तिला मोठ्यांदा ओरडावंसं वाटलं. पण मग तिनं दोन्ही पुन्हा शेजारी शेजारी ठेवले, आणि ओरडायची राहिली: या हातांवर वाढ नाही, आणि याच हातांनी न्हाऊ घातलेल्या बाळाच्या रक्तातही नाही. आईच्या तोंडची जुनी ओळ कुठूनशी आली, अर्धवट:

*हातानं केलं त्याचं हाताला फळ नाही,*
*धुऊन वाळवला, तरी हाताला बळ नाही…*

पुढची ओळ काही केल्या आठवेना.

तिसरं प्रात्यक्षिक औषधांचं होतं. प्लेटभर एकाच जातीचे जंतू कापसाच्या बोळ्यानं सारवायचे, की दुसऱ्या दिवशी गालिच्यासारखे दाट उगवतात. त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडलं तर चकतीभोवती स्वच्छ गोल राहतो. जेवढा गोल मोठा, तेवढं औषध जालीम.

वर्ग सुटल्यावर मॅडमनी थोरलीला थांबवून घेतलं. एका सारवलेल्या प्लेटीवर चकती ठेवली नाही. "बोटं टेकवा," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी प्लेटभर दाट पांढुरका गालिचा होता, आणि त्यात चार बोटांच्या आकाराचं स्वच्छ अगार. बोटांभोवती गोल. मॅडमनी पट्टी लावून मोजले: अकरा मिलिमीटर.

त्यांनी प्लेट फेकली नाही. एकदा उगवलेल्या गालिच्यातला गोल नंतर वाढत नसतो, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकातही आहे.

तिसऱ्या दिवशी गोल सव्वीस मिलिमीटर होते.

चौथ्या दिवशी प्लेटीत गालिचा नव्हता.

"हे लिहून ठेवा," मॅडम म्हणाल्या. या वेळी सही करायला त्यांनी जर्नल टेबलावर ठेवायला सांगितलं, आणि थोरली दोन पावलं मागं सरेपर्यंत वाट पाहिली.

मामा दारात उभे होते. वीस वर्षं कॉलेजातले सगळे जंतू त्यांनीच जगवले होते; दर महिन्याला जुन्या नळीतून नव्या नळीत, ताज्या अगारवर. पोरं थट्टेनं त्यांना जंतूंचे गुराखी म्हणत, आणि ते खूश होत.

"ताई, मागच्या आठवड्यात फ्रीज तुम्ही उघडला होता?"

"मॅडमनी नळी आणायला सांगितली होती. एकच घेतली."

"कोणत्या रांगेतली?"

"दुसऱ्या."

मामांनी फ्रीजकडे एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाले, "दुसरी रांग गेली ताई. पहिली पण. तिसरीचं काही खरं नाही." आणि हात जोडून, अगदी अदबीनं, "तुम्ही आता माझ्या गुरांना हात लावू नका."

चिमणी त्या आठवड्यापासून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. बडबडत मात्र होती. फक्त इकडे बघून नाही.

धाकटीला मुलगी झाली. थोरलीनं स्वयंपाक केला, खोलीबाहेर दुपट्यांच्या घड्या ठेवल्या, दारातूनच एक मूठ दिसली तेवढी बघितली. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं श्वास घेतला नाही. तोही गेला. अकराव्या दिवशी दुपारी, सगळे बाळाभोवती बसलेले असताना, थोरली जर्नल घेऊन उंबऱ्याशी आली.

"भाऊजी, एवढं वाचून दाखवता?"

दिरानं वाचलं. कॉलेजचं नाव, तारीख, सही. "'दोन्ही हातांवर वाढ आढळली नाही.'"

"म्हणजे रे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे वहिनींच्या हातांवर जंतू नाहीत. अजिबात नाहीत."

मग तिनं दवाखान्याचा तो कागद दिला. दिरानं तोही वाचला, शेवटची ओळ दोनदा. सासूबाईंनी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं, हातांकडे नाही. नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. सहा वर्षं जे तिनं मनात शंभर तऱ्हांनी घडवून पाहिलं होतं, ते हे असं, दुपारच्या उन्हात, पाच मिनिटांत झालं. कुणी माफी मागितली नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आता हे आधी नाही का सांगायचं?"

जर्नलचं पुढचं पान, त्या वाढत गेलेल्या गोलांचं, थोरलीनं बोटाखाली दाबून धरलं होतं.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, घ्या ना हिला."

औषधही हेच करतं, थोरलीनं स्वतःला समजावलं. जंतू मरतात आणि माणसं जगतात. औषधाला कुणी घराबाहेर उभं करतं का? सहा वर्षं. सहा वर्षं उंबऱ्यावर.

तिनं जर्नल मिटलं.

बाळ रडत होतं. थोरलीनं डावा तळवा डोक्याखाली दिला, उजवा पाठीखाली. बाळ गप्प झालं.

"बघा! आपलं माणूस बरोबर ओळखलं," सासूबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

थोरली वाकली. टाळूवर नाक टेकवलं. आंबूस, गोडसर, दुधाचा, घामाचा, नव्या कातडीचा वास. डोळे मिटून तिनं तो छातीभर ओढून घेतला.

दुसऱ्या श्वासाला तो थोडा कमी वाटला.

तिसऱ्या श्वासाला टाळूला वास नव्हता. उकळून गार केलेल्या पाण्याला असतो तेवढाही नाही.

तिनं नाक कानामागं नेलं. तिथं होता.

मग तिथंही नव्हता.

"काय हुंगताय एवढं, ताई?"

"काही नाही," थोरली म्हणाली. "घे. घे लवकर."

धाकटीनं हसत बाळ घेतलं. छातीशी धरलं, मानेच्या वळीत नाक खुपसलं. थांबली. पुन्हा खुपसलं. बाळ टक्क उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होतं, रडत नव्हतं.

धाकटीनं सावकाश आपला तळहात नाकाशी नेला. मग मनगट. मग कोपर.