बाराव्या पिंजऱ्यापर्यंत

पिंपळवंडीच्या माळावरच्या प्रयोगशाळेतलं एमआरआय मशीन माणसांसाठी नव्हतंच. त्याच्या नळीत जेमतेम एक उंदीर मावायचा. २००६च्या जानेवारीत अक्षदा रोज बारा उंदरांना पाळीपाळीनं भूल देऊन त्यांच्या फुप्फुसांची चित्रं काढायची. हवेनं भरलेलं फुप्फुस चित्रात काळं दिसतं. सोमवारी पहिल्या पिंजऱ्यातल्या उंदराच्या फुप्फुसात मोहरीएवढा पांढरा ठिपका दिसला.

मंगळवारी तो उंदीर ठणठणीत, आणि ठिपका दुसऱ्या पिंजऱ्यात. बुधवारी तिसऱ्यात.

आजारी उंदीर एकच आहे आणि कुणीतरी तो रोज पुढं सरकवतंय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. उंदरांच्या खोलीची किल्ली होती निजामचाचांकडे. जुन्नरहून येणारे चाचा सात वर्षं उंदरांचं दाणापाणी बघत होते. बाराव्या पिंजऱ्याशेजारची आपली खुर्ची हल्ली ते रोज थोडी दाराकडे ओढायचे. कुठंतरी पाणी मुरतंय, अक्षदाला वाटलं.

"चाचा, उंदीर कोण बदलतंय?"

"म्या न्हाई, मॅडम. पर बाकीचे कुनाकडं बगत्यात, ते बगा की."

अकराही उंदीर जाळीला नाक लावून ठिपकेवाल्याकडं बघत होते. विषय बदलायची ही चांगली युक्ती आहे, असं म्हणून तिनं साहेबांकडे तक्रार केली. चाचांची नोकरी त्याच दिवशी गेली.

"ती खुर्ची भाईर काढा तेवढी," जाताना ते म्हणाले.

तिनं नवं कुलूप लावलं. प्रत्येक उंदराच्या कानाला स्वतःच्या हातानं खूण केली.

दुसऱ्या दिवशी ठिपका चौथ्या पिंजऱ्यात होता. कानावरची खूणही चौथ्याचीच.

म्हाताऱ्याचा काही दोष नव्हता. तरी चूक कबूल करायला जीभ रेटेना, आणि ठिपका रोज एक पिंजरा पुढं जात राहिला.

बाराव्या दिवशी तो बाराव्यात पोचला.

तेराव्या दिवशी बाराही फुप्फुसं काळीभोर. तिला हायसं वाटलं. आता तरी चाचांना परत बोलवायचं. त्यांची खुर्ची तिनं ओढून जुन्या जागी, बाराव्या पिंजऱ्याशेजारी घेतली, आणि साहेबांना पत्र लिहायला बसली.

'निजामचाचांवर मी खोटा आळ...'

खोलीत खुडबूडसुद्धा नव्हती.

तिनं मान वर केली. बाराही उंदीर जाळीला नाक लावून बसले होते.

ती सावकाश उठली, दाराकडे सरकली.

बारा नाकं तिच्याबरोबर वळली.